साठातला एक गुंठा

चि. स्नेहल हिस पप्पांचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू हसत हसत सांगितलंस की संडे स्कूलमध्ये येशूचा पेरणाऱ्याचा दाखला शिकवताना एका आठ वर्षांच्या पोराने तुला अडवलं. "टीचर, तो माणूस येडा होता का? वाटेवर कशाला बी टाकलं?" तुला उत्तर सुचलं नाही म्हणून तू गाणं सुरू केलंस. मग रेंज गेली. त्या रात्रीपासून ते पोर माझ्या डोक्यात बसलंय. पन्नासेक वर्षं मी हा दाखला ऐकतोय: एक जण पेरायला निघतो, काही बी वाटेवर पडतं ते पाखरं खातात, काही खडकाळ जमिनीत वाळतं, काही काट्यांत गुदमरतं, आणि चांगल्या जमिनीतलं तीसपट, साठपट, शंभरपट येतं. वाट म्हणजे कठीण मन, खडक म्हणजे उथळ मन, काटे म्हणजे संसाराची चिंता, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण जन्माचा शेतकरी असून हा साधा प्रश्न मला कधी पडला नाही, याची लाज वाटली. सध्या ज्वारी हुरड्यात आहे, दिवसभर माळ्यावर बसून पाखरं हाकायची आहेत, तेवढ्यात हे लिहितोय. अक्षर वाकडं दिसलं की समजायचं, मधे गोफण फिरवली.

पोराचं काही चुकलं नाही. आपल्याकडे बी वाया जायला जागाच नसते. पाभरीच्या, म्हणजे बैलांनी ओढायच्या पेरणीच्या अवजाराच्या, चाड्यावर तुझी आजी मूठ धरायची. तिच्या बोटांतून दाणे असे सुटायचे की नळ्यातून थेट तासात, ना दाट ना विरळ. एकराला चार किलो मालदांडी, त्यात पसाभर उरली तर शाबासकी. ज्याने असं पेरणं पाहिलंय त्याला वाटेवर बी टाकणारा येडाच वाटणार. पण येशूच्या गालील प्रांतातल्या त्या माणसाकडे पाभर नव्हती. बाबेल-अश्शूरकडे होती, तिकडच्या जुन्या कोरीव चित्रांत नांगराला नळा जोडलेला दिसतो. कनानच्या, म्हणजे इस्राएल देशाच्या, डोंगराळ भागात मात्र खांद्याला झोळी लावून हाताने फोकून पेरायचे. फोकलेलं बी हद्द बघून पडत नाही. वारा आला की बांधापलीकडे जातं.

आणि दुसरी गंमत ऐक. मिश्ना म्हणून यहुदी नियमांचा संग्रह आहे, इ.स. २०० च्या सुमाराचा. त्यात शब्बाथाच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या, दिवशी करू नयेत अशी ३९ कामं मोजलीत, आणि यादी पेरण्यापासून सुरू होते, नांगरणं नंतर येतं. हे उलटं कसं, असं पुढच्या रब्बींनाही, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनाही, वाटलं. त्यांनीच उत्तर दिलं की इस्राएल देशात पेरून मग नांगरतात. म्हणजे बी फोकायचं आणि हलका लाकडी नांगर फिरवून मातीआड करायचं. बायबलमधला यशया संदेष्टा आधी नांगरणं आणि मग पेरणं सांगतो, म्हणजे दोन्ही वेळा नांगर फिरत असावा. आता ती वाट म्हणजे डांबरी रस्ता धरू नकोस. उन्हाळाभर रान मोकळं पडलं की लोक आडवे जातात आणि पायवाट पडते. आपल्या खालच्या तुकड्यातून शाळेची पोरं जातात, तशी. ती वाटही पुढे नांगरातच जाणार म्हणून त्याने तिच्यावर बी टाकलं. नांगर पोचायच्या आत पाखरं पोचली, एवढंच.

खडकाळ जमिनीचंही तसंच. आपण म्हणतो खडकावर बी टाकलं. अगं, तो खडक दिसत नसतो. खाली दगडाचा सलग थर आणि वर चार बोटं माती. आपल्या माळाच्या कडेच्या मुरमाड पट्ट्यात हरभरा बघ, सगळ्यांच्या आधी उगवतो. नवखा माणूस म्हणेल काय झकास रान आहे! पंधरा दिवसांनी सगळ्यांच्या आधी माना टाकतो. ज्याने हा दाखला सांगितला त्याने असा हरभरा, म्हणजे तिकडचा गहू किंवा सातू, नक्की जवळून पाहिलेला होता.

तीसपट, साठपट, शंभरपट हा आकडाही पोरांना समजावून सांग. आपल्या ज्वारीला शंभरपटीचं कौतुक नाही, चार किलोचे चार क्विंटल म्हणजे बरं साल, बास. पण गव्हाचं गणित वेगळं. एकराला चाळीस किलो बी आणि नवं वाण, खत, चार पाणी घालून बारा-पंधरा क्विंटल. म्हणजे आजही तीस-पस्तीसपटच. त्या काळात लाकडी नांगर आणि पावसाचं पाणी यांच्यावर तीसपट म्हणजे सोनं. व्हारो नावाच्या रोमन लेखकाने इटलीतल्या चांगल्या जमिनीचं उत्पन्न दहा-पंधरापट सांगितलंय. शंभरपटीची ऐकीव गोष्टही तो सांगतो आणि त्यात एक गाव घेतो गदारा, गालीलच्या सरोवरापासून जवळच. इसहाकाला गरारमध्ये शंभरपट मिळालं असं बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात आहे, तेही दुष्काळाच्या गोष्टीत. त्यामुळे शंभर हा आकडा कानावर पडल्यावर किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांनी माना वर केल्या असणार.

एवढं सांगितलंस तरी पोराचं समाधान होईल. पण माझं झालं नाही. फोकणारा माणूस कडेला हात आखडता घेऊ शकतो की. हा घेत नाही. का घेत नाही, त्याच्यासाठी मला बायबलमधली जमीन बघावी लागली.

अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या ११व्या अध्यायात मोशे लोकांना म्हणतो, तुम्ही ज्या देशात चाललाय तो मिसर देशासारखा, म्हणजे इजिप्तसारखा, नाही. मिसरात तुम्ही बी पेरून पायाने पाणी देत होता. पायाने पाणी म्हणजे काय, यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिलंय. मला तरी सरळ दिसतं. पाटाचं पाणी, दारं धरायचं, टाचेने एक दार बुजवायचं आणि दुसरं फोडायचं. रात्रीच्या लाइटीला मी हेच करतो. पुढे मोशे म्हणतो, हा नवा देश डोंगर-खोऱ्यांचा आहे, आकाशातून पडेल ते पाणी पितो. स्नेहल, देवाने आपल्या लाडक्या लोकांना बागाईत सोडायला लावून जिरायत दिली! दूध-मधाचा देश म्हणून आपण गाणी म्हणतो, पण जेरुसलेमला वर्षाला पाऊस पडतो साधारण ५५० मिलिमीटर. आपल्या नगर जिल्ह्याची सरासरी जवळपास तेवढीच. पाटाच्या पाण्यावरचा माणूस खाली बघत चालतो, जिरायतवाला दिवसातून दहा वेळा वर बघतो. कोणती सवय लावायची होती ते मोशेला बरोबर माहीत होतं.

त्या अध्यायात आपल्या मराठी शास्त्राने, म्हणजे बायबलने, आगोटीचा पाऊस आणि वळवाचा पाऊस असे शब्द घातलेत. मला ते लहानपणापासून आवडतात, पण गोंधळ होतो. आपला वळीव एप्रिल-मेमध्ये गडगडत येतो आणि आगोट त्यानंतर, जूनच्या तोंडावर. त्यांचं वर्ष उलटं. पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात, त्यावर नांगरट आणि पेरा. मग थंडीभर पाऊस. शेवटचा मार्च-एप्रिलात, दाणा भरताना. उन्हाळा कोरडा ठणठणीत. थोडक्यात त्यांचा गहू-सातू म्हणजे रब्बीच. आपण हत्तीच्या पावसाकडे डोळे लावून ज्वारी पेरतो, तसे ते पहिल्या पावसाकडे. शेवटचा चुकला तर दाणा चिमतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

एका आयरिश संशोधकाला १९०८ साली कनानातल्या गेजेर गावच्या उकरणीत तळहाताएवढी चुनखडीची पाटी सापडली. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. त्यावर कुणीतरी वर्षाचे महिने कोरलेत: दोन महिने गोळा करण्याचे, दोन पेरणीचे, दोन उशिराच्या पेरणीचे, एक जवस काढण्याचा, एक सातूच्या कापणीचा, एक गव्हाच्या कापणीचा आणि मापाचा, दोन द्राक्षवेली छाटण्याचे, एक उन्हाळी फळांचा. संपलं वर्ष. मोजून बारा. त्यात राजाचं नाव नाही, लढाई नाही. सध्या ती पाटी इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे, कारण तेव्हा तिकडे तुर्कांचं राज्य होतं. त्यांचे मोठे सणही याच पाटीवर बसतात. वल्हांडणाला सातूची पहिली पेंढी, पन्नासाव्या दिवशी गव्हाच्या भाकरी, आणि सगळं घरात आल्यावर मांडवांचा सण. आपण ज्याला पेंटेकॉस्ट म्हणतो तो मुळात गव्हाच्या सुगीचा सण होता. चर्चमध्ये हे कुणी बोलत नाही.

पावसावर जगणाऱ्याला एक मोह असतो, की पाऊस विकत मिळाला तर बघावा. कनानी लोकांचा पावसाचा देव बआल. इस्राएल लोक त्याच्या नादी लागले ते काही वाईट चालीचे होते म्हणून नव्हे, तर शेतकरी होते म्हणून. यहोवा अरण्यातला, लढाईतला देव. पेरणीचं त्याला काय कळणार, असं त्यांना वाटलं असेल. होशेय संदेष्टा त्यावरच तळमळतो, धान्य, द्राक्षारस आणि तेल मीच देत होतो हे तिला, म्हणजे इस्राएलला, कळलंच नाही, असं देवाच्या तोंडून म्हणतो. एलीया संदेष्ट्याच्या वेळचा दुष्काळ हा तोच वाद. कर्मेल डोंगरावरून त्याच्या चाकराने सात वेळा समुद्राकडे पाहिलं, तेव्हा कुठे तळहाताएवढा ढग दिसला. आणि विनोद म्हणजे हिब्रू भाषेत पावसावरच्या शेतीला आजही बआलचीच शेती म्हणतात. देव गेला, सातबाऱ्यावर नाव राहिलं. आपण तरी कुठे वेगळे? बोअरवाल्याच्या नारळावर माझा एका काळी जेवढा विश्वास होता तेवढा प्रार्थनेवर नव्हता. साडेपाचशे फुटांवर नुसती धूळ निघाली तेव्हा गप्प बसलो.

"जे अश्रूंनी पेरतात" हे स्तोत्र तुम्ही पोरं चालीवर म्हणता. पेरताना कुणी रडतं का, असं तूच लहानपणी विचारलं होतंस आणि मी टाळलं होतं. आता सांगतो. बाहत्तरच्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. आई-बाप खडी फोडायला जायचे, तिथे सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो. त्याची भाकरी गिळताना घसा खरवडायचा. घरात उतरंडीच्या तळच्या मडक्यात राखेत घोळवलेली बियाण्याची ज्वारी होती, तोंड शेणाने लिंपलेलं. सहा-सात किलो असेल. धाकटी बहीण भुकेने रडायची आणि आम्हा सगळ्यांना माहीत होतं की मडक्यात काय आहे. ते फोडलं नाही. पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि बापाने ते चाड्यात ओतलं, तेव्हा आई बांधावर बसून हुंदके देत होती. मला वाटलं आनंदाने रडतेय. बीज म्हणजे लेकराच्या तोंडातून काढून ठेवलेला घास असतो, आणि तो मातीत टाकताना परत येईल याची कुणी पावती देत नाही. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेल्याशिवाय एकटाच राहतो, हे योहानातलं वचन मी वाचतो तेव्हा मला ते मडकं दिसतं.

आता खळ्याकडे येतो, कारण खळं तू पाहिलेलं नाहीस. तुझ्या जन्मापर्यंत मळणीयंत्र आलं होतं. माती भिजवून चोपायची, शेणाने सारवायची, मधे तिवडा, म्हणजे खांब, त्याभोवती बैलांची पात. मग वारा सुटला की वावडीवर उभं राहून उफणायचं. वारा नसेल तर रात्र रात्र थांबायचं. रूथच्या गोष्टीतला शेतमालक बवाज संध्याकाळी खळ्यावर सातू उफणायला जातो आणि राशीच्या कडेलाच झोपतो, ते यासाठी. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या तोंडी आपल्या शास्त्रात "त्याच्या हातात सूप आहे" असं येतं. मुळात तिथे लाकडी दाताळं आहे, त्याने मळलेलं वर उधळायचे. पण ज्याने भाषांतर केलं त्याने आमच्या आयांकडे बघून सूप लिहिलं, त्याला माझी तक्रार नाही.

खळं नेहमी उंचावर, वाऱ्याच्या तोंडाला. जेरुसलेमच्या वरच्या अंगाला अरवना नावाच्या यबूसी माणसाचं असंच खळं होतं. देशात मरी आली होती आणि दावीद राजा तिथे वेदी बांधायला गेला. अरवना म्हणाला, खळं घ्या, बैल घ्या, सरपणाला मळणीची अवजारं आणि जू घ्या, सगळं फुकट. दावीद म्हणाला, मला फुकट पडलेलं मी माझ्या देवाला वाहणार नाही, आणि पन्नास शेकेल चांदी मोजली. पुढे शलमोनाने मंदिर बांधलं ते त्याच जागेवर. जगातल्या तीन धर्मांची माणसं आज जी टेकडी पवित्र मानतात, ती मूळची एका शेतकऱ्याची मळणीची जागा.

आणि यशयाचा २८वा अध्याय जरूर वाच, शेवटच्या सहा-सात ओव्या. उपदेशकांनी टाकून दिलेला भाग आहे. तो विचारतो, शेतकरी सारखा नांगरतच बसतो का? रान सपाट झालं की पेरतो ना? जिऱ्यावरून गाड्याचं चाक फिरवत नाहीत, जिरं काठीने झोडतात. भाकरीचं धान्य मळतात, पण कायम मळत बसत नाहीत. ही अक्कल त्याला त्याच्या देवाने दिली. तुझ्या आईच्या ऑपरेशनच्या वर्षी मी दवाखान्याच्या बाकावर हे वाचलं होतं. कुणाला चाक आणि कुणाला काठी, आणि थांबायचं कधी, हे मळणाऱ्याला कळतं, एवढ्यावर ती रात्र निघाली.

मळणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नको, हाही नियम त्याच शास्त्रातला. तुझे आजोबा कोळपताना मुसकं बांधायचे, कारण उभं पीक. पण खळ्यावर पात धरली की मुसकी काढून खुंटीला. शेजारी हसायचे, बैल दिवसाकाठी पायलीभर खातो असा त्यांचा हिशोब होता. आजोबा म्हणायचे, त्याने नाही खायचं तर कुणी? प्रेषित पौल हे वचन देवाच्या कामकऱ्यांच्या मजुरीसाठी वापरतो आणि मधेच विचारतो, देवाला बैलांची काळजी आहे काय? इथे माझं पौलाशी पटत नाही. तो तंबू शिवणारा, शहरातला माणूस. देवाला बैलांची काळजी होतीच. निर्गमाच्या पुस्तकात शब्बाथाचं कारण सांगताना बैल आणि गाढवाचं नाव आधी आहे, त्यांना विसावा मिळावा म्हणून. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले यहुदी, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणायचे. म्हणजे सिनाय डोंगरावरचा हुकूम अलिबागकडच्या घाण्याच्या बैलापर्यंत पोचला. आपल्या घरी पोळा नसायचा, पण आजोबा पोळ्याच्या दिवशी बैल जुंपत नसत आणि आदल्या रात्री चांद्याच्या खांद्याला लोणी-हळद चोळताना मी त्यांना पाहिलंय. विचारलं तर म्हणायचे, हा शब्बाथच आहे, उगाच बोलू नको.

आता मुख्य गोष्ट. आपली ही साडेचार एकर तुझ्या पणजोबांना कूळकायद्यात मिळाली. १ एप्रिल १९५७ ही तारीख आमच्या घरात नाताळासारखी सांगितली जायची. कसेल त्याची जमीन. मी या गोष्टीवर वाढलोय, त्यामुळे बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या २५व्या अध्यायात पहिल्यांदा ठेचकाळलो. देव म्हणतो, जमीन कायमची विकायची नाही, कारण जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आहात. म्हणजे सगळं इस्राएल कूळ! आणि इथे कितीही पिढ्या कसली तरी कूळ मालक होत नाही. सहा वर्षं पेरा, सातव्या वर्षी रान पडीक ठेवा, आपोआप उगवेल ते गरिबांनी आणि रानातल्या जनावरांनी खावं. लोकांनी विचारलंच, मग सातव्या वर्षी खायचं काय? तो प्रश्नही त्याच अध्यायात लिहून ठेवलाय, हे मला फार आवडतं. आणि पाळलं नाही तेव्हा काय झालं? लोक बंदिवान होऊन बाबेलला गेले आणि बायबलमधल्या इतिहासाच्या पुस्तकात लिहिलंय की सत्तर वर्षं जमिनीने आपले शब्बाथ उपभोगले. थकलेली सुट्टी तिने व्याजासकट वसूल केली. आमच्याकडे उसाखालची रानं बघतो तेव्हा हे आठवतं.

नियम त्याहून बारीक आहेत. शेताचा कोपरा कापू नको. गळालेली कणसं उचलू नको. पेंढी विसरलीस तर परत फिरू नको. आपल्याकडे या सगळ्याला एकच शब्द आहे, सरवा, आणि बवाजाच्या शेतात वेचणाऱ्या परक्या विधवेच्या, रूथच्या, पुस्तकात तोच आहे. कोपरा केवढा ठेवायचा हे मिश्नाने ठरवलं: साठाव्या हिश्श्याहून कमी नको. पडलेली किती कणसं गरिबाची? दोन पडली तर गरिबाची, तीन एकत्र पडली तर मालकाची. यावरही दोन पंथांत वाद, दुसरे म्हणायचे तीनसुद्धा गरिबाची. बघ, किती जवळून रान बघत होते ही माणसं! आणि उभं पीक सोडायचं, मालकाने कापून वाटायचं नाही. कोपराही शेताच्या शेवटच्या टोकाला ठेवायचा, म्हणजे गरिबाला नेमकी जागा माहीत असावी, त्याने दिवसभर ताटकळू नये.

तीन वर्षांपूर्वी मी विहिरीखालचा गहू पहिल्यांदा हार्वेस्टरने काढला. मजूर मिळेनात, ढग आलेले. पाऊण तासात दीड एकर साफ. मी ट्रॉलीतला गहू हातात घेऊन बघत होतो, तेवढ्यात बांधावर ती म्हातारी दिसली. नाव लिहीत नाही, तुला कळेल. दरवर्षी आपल्या गव्हात सरवा वेचायला यायची, काखेत गोणपाट. ती रानात उतरली, दहा पावलं गेली, वाकली, पुन्हा उभी राहिली. यंत्राने खाली ओंबीच ठेवली नव्हती. नुसतं कापलेलं धस आणि भेगांत उडालेले सुटे दाणे. मला कसंतरी झालं. मी पाटीभर गहू भरून तिच्यापुढे धरला. तिने हात लावला नाही. म्हणाली, "दादा, मी मागायला न्हाई आले. सरव्याला आले व्हते." आणि गोणपाट झटकून गेली.

मला वाटायचं, रूथला बवाजाने दिलं. पुस्तक पुन्हा काढून बघितलं. बवाज गड्यांना सांगतो, पेंढ्यांतून मुद्दाम काही ओढून टाका, आणि तिला बोलू नका. ती संध्याकाळपर्यंत वेचते, स्वतःच काठीने झोडते आणि एफाभर सातू घरी नेते. एफा म्हणजे साधारण २२ लिटर, तेलाच्या मोठ्या डब्याहून जास्त. एका बाईची एका दिवसाची कमाई. दिलेलं आणि वेचलेलं यांतला फरक त्या माणसाला कळत होता. मला पासष्टीच्या उंबऱ्यावर एका म्हातारीने शिकवला.

मग मी हिशोब केला. दीड एकर म्हणजे साठ गुंठे. साठावा हिस्सा म्हणजे बरोबर एक गुंठा. अठराशे वर्षांपूर्वीच्या रब्बीने जणू आपला सातबारा बघूनच आकडा काढला. गेल्या दोन साली रस्त्याकडच्या टोकाला तुरकाठ्या रोवून एक गुंठा राखतो. पहिल्या साली पंजाबचा ड्रायव्हर मशीन थांबवून ओरडला, "बाबा, कोना छूट गया!" मी म्हटलं, छूटने दो. त्याने मान हलवली आणि काठ्यांना वळसा घालून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी आणि तिची सून विळे घेऊन आल्या. मी त्या वेळी मुद्दाम विहिरीकडे होतो. तीसेक किलो निघाला असेल. मोजायला गेलो नाही.

म्हणून आता मला वाटतं, तो पेरणारा कडेला हात आखडता घेत नाही, कारण कड त्याची नव्हतीच. लहानपणापासून त्याने बापाला कोपरा सोडताना पाहिलं होतं. हात तसाच वळला होता. हे काही कुठे लिहिलेलं नाही आणि पाळकसाहेबांना सांगितलंस तर ते कपाळाला आठ्या घालतील. दाखल्याचा अर्थ येशूने स्वतः सांगितलाय, त्यात मी भर घालत नाही. मी फक्त हात कसा हलतो ते सांगतोय.

पोरांना घेऊन यायचं जमेल का बघ. पुढच्या शनिवारी दुपारची गाडी पकडलीत तर हुरडा अजून सापडेल, त्यानंतर दाणा टणक होतो. आई शेंगदाण्याची चटणी म्हणतेय, मी तिला सांगितलं की पुण्याच्या पोरांना तिखट चालत नाही, तर चिडली. गोवऱ्या वाळवून ठेवल्यात. येताना मच्छरदाण्या आण, आणि माझ्या चष्म्याची काडी तुटलीय, तो नंबर तुझ्याकडे असेल.

त्या आठ वर्षांच्या पठ्ठ्याला मात्र नक्की आण. खालच्या तुकड्यात, जिथून शाळेची वाट गेलीय, तिथे त्याच्या खांद्याला पिशवी अडकवून किलोभर जुना गहू देतो. बांधापासून बांधापर्यंत चालत फोकायला सांगू. किती दाणे वाटेवर पडतात ते त्यालाच मोजू दे. पाखरांनी ठेवले तर.

तुझे,
पप्पा